ओहोटी, खारं पाणी आणि कॅमेऱ्यापासून सुटलेला फ्लॅश : मार्गशीर्ष ते माघ

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या पहाटे मुंबईत कार्टर रोडच्या खडकांवर मी एकशे चाळीस फोटो काढले. त्यातल्या शंभरहून अधिक फोटोंत ठळक दिसत होती ती एकच गोष्ट : पाण्यावर उमटलेला फ्लॅशचा पांढराफटक ठिपका. खाली डबक्यात झोअँथिड या फुलांसारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवांची अख्खी वसाहत उघडलेली होती, हिरवी-तपकिरी, बोटाच्या पेराएवढी फुलं. फोटोत मात्र दिवा लागल्यासारखं पाणी.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून सरळ खाली रोखला, की पाणी आरशासारखं वागतं आणि उजेड आला त्याच वाटेने भिंगात परत जातो. तसं पाहिलं तर पाणी वरून पडणाऱ्या उजेडातला जेमतेम २ टक्के परत फेकतं. पण फ्लॅशचे ते २ टक्केसुद्धा ओल्या काळ्या कातळापुढे भरपूर होतात. उपाय एकच. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा आणि बाजूने, साधारण ४५ अंशांतून उजेड टाकायचा. मग परतणारा उजेड पलीकडच्या बाजूला निघून जातो, भिंगाच्या वाटेला येत नाही. फ्लॅश फार आडवा धरणंही बरं नाही. उभ्या रेषेपासून ६० अंशांच्या तिरप्यावर पाणी ६ टक्के उजेड परत पाठवतं आणि त्यापुढे हा आकडा झपाट्याने चढतो. म्हणजे तेवढा उजेड तळापर्यंत पोचतच नाही.

मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला येते, म्हणून पाणी सगळ्यात खाली जातं ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. थंडीत त्या वेळी पुरतं उजाडलेलंही नसतं. फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही.

कॅमेरा निकॉन डी७२००, भिंग ६० एमएमची मायक्रो. सुरुवातीला मित्राचा एसबी-७०० फ्लॅश आणि त्याचीच टीटीएल कॉर्ड मागून आणली होती. टीटीएल कॉर्ड म्हणजे हॉट शूच्या (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) सगळ्या पिना जशाच्या तशा लांब नेणारी वेटोळ्याची केबल. एक टोक कॅमेऱ्याच्या शूवर, दुसऱ्या टोकावर फ्लॅश. ताणली तर दीड मीटरपर्यंत जाते. उजव्या हातात कॅमेरा, कोपर गुडघ्यावर टेकवलेलं, डाव्या हातात फ्लॅश, अशी बैठक जमायला दोन पहाटा गेल्या. पण मार्गशीर्ष अमावास्येला हाजी अलीच्या बाजूला काढलेल्या समुद्रफुलाच्या फोटोत पहिल्यांदा पाणी नाहीसं झालं. शुंडकांची टोकं एकेक मोजता येत होती. त्या दिवशी घरी येऊन तो फोटो मी किती वेळा उघडून पाहिला असेल!

टीटीएल मोड, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यावरच सोपवणं, मात्र दुसऱ्याच फेरीत सोडला. कॅमेरा आधी बारीक चमक टाकून परत आलेला उजेड मोजतो आणि त्यावरून फ्लॅशची ताकद ठरवतो. चौकटीत काळा बसाल्ट जास्त आला, की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो भरमसाट उजेड टाकतो. एखादी लहर चमकली, की लगेच हात आखडता घेतो. लागोपाठच्या दोन फोटोंत दीड-दीड स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मॅन्युअलला, म्हणजे ताकद आपणच ठरवण्याला, पर्याय नाही.

आणि मॅन्युअलच वापरायचं, तर महागड्या टीटीएल कॉर्डची गरज उरत नाही. मित्राचं सामान परत केलं आणि जुना एसबी-२८ विकत घेतला. फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश. डिजिटल बॉडीवर त्याचं टीटीएल चालत नाही, पण मॅन्युअलमध्ये पूर्ण ताकदीच्या १/६४ पर्यंत उतरतो आणि मुख्य म्हणजे त्याच्या अंगावर पीसी सॉकेट, म्हणजे फ्लॅश पेटवणाऱ्या केबलचं तोंड, आहे. पीसी म्हणजे प्रॉन्टर आणि कॉम्पुर, जुन्या जर्मन शटरांच्या या दोन नावांची आद्याक्षरं. डी७२०० ला पीसी सॉकेट नाही, म्हणून शूवर एएस-१५ अडॅप्टर सरकवला. या छोट्या ठोकळ्याच्या कडेला पीसीचं तोंड असतं. त्याला केबल, केबलचं दुसरं टोक फ्लॅशला. त्या केबलमधून जातो तो एवढाच निरोप : शटर उघडलं, पेट. बाकी काही नाही. म्हणून फ्लॅशचं आपोआप झोपणं बंद ठेवावं लागतं, कारण या केबलमधून त्याला जागं करता येत नाही. आणि सिंकचा वेग, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा शटरचा सगळ्यात जलद वेग, आपणच सांभाळायचा. डी७२०० ला १/२५० सेकंद. त्याच्या वर गेलात तर चौकटीच्या कडेला काळी पट्टी येते.

आता हिशेब. एसबी-२८ चा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला अंतराने भागलं की भिंगाचा एफ आकडा मिळतो) ३५ एमएम झूमला, आयएसओ १०० वर, मीटरमध्ये ३६. ताकद १/१६ केली की तो चौथ्या हिश्शावर येतो, म्हणजे ९. फ्लॅश अर्ध्या मीटरवर धरला तर एफ/१८. पुढे ट्रेसिंग पेपरचा डिफ्यूझर लावला की माझ्याकडे साधारण दीड स्टॉप जातो, म्हणजे एफ/११. अगदी जवळच्या फोटोत भिंगाकडूनही थोडा उजेड खाल्ला जातो, तेवढ्यासाठी आयएसओ २००. तेव्हापासून मी याच आकड्यांपासून सुरुवात करतो आणि फ्लॅश चार बोटं पुढेमागे करून भागवतो.

इथपर्यंत सगळं छान. पौष पौर्णिमेला सगळं बिघडलं.

बँडस्टँडच्या खडकांत एक न्यूडिब्रँक सापडली. कवच नसलेली समुद्री गोगलगाय, नखाएवढी, पाठीवर कल्ल्यांचा तुरा. दर तिसऱ्या फोटोला फ्लॅश पेटेना. केबल दाबून धरली की पेटायचा, सोडली की बंद. नंतर तर मी शटरला हात न लावता तो आपला आपणच दोनदा पेटला. बाजूच्या खडकावर एक मावशी कालवं फोडत बसल्या होत्या, त्या बराच वेळ माझी धडपड बघत होत्या. म्हणाल्या, "पानी फिरलं रे पोरा, उठ आता." मागे पाहिलं तर मी आलो ती वाट घोटाभर पाण्यात. न्यूडिब्रँकचे हाती लागले चारच फोटो, त्यातला एक धड.

घरी मल्टिमीटर घेऊन बसलो. कंटिन्युइटीच्या (तार सलग असली की बीप देणाऱ्या) खटक्यावर ठेवून केबलची दोन्ही टोकं तपासली तर सलग बीप. केबल ठीक, असं म्हणून ठेवून देणार होतो. मग बीप चालू असतानाच केबल बोटांत धरून इंच-इंच वाकवत गेलो. प्लगच्या मानेपासून दोन इंचांवर आवाज तुटला. तार आतून तुटलेली, वरचं वेष्टण शाबूत. तपासायची ती अशीच, वाकवून. केबल सरळ ठेवून केलेली तपासणी काही कामाची नाही.

दुसरा दोष पीसीच्या तोंडाशी होता. पीसी प्लग नुसता आत ढकललेला असतो, घट्ट धरून ठेवणारं काहीच नाही. बाहेरची पातळ नळी जराशी चेपली की संपर्क जातो. निकॉनच्या तोंडाला आटे असतात, पण आट्यांची केबल असेल तरच त्यांचा उपयोग, आणि माझी साधी होती. तिसरा दोष म्हणजे प्लगच्या आत हिरवट-पांढरा थर. तांब्यावर खारं पाणी सुकलेलं. आपोआप पेटण्याचं कारण तेच असणार : ओलं मीठ वीज वाहून नेतं, दोन टोकं ओलाव्याने जोडली गेली की फ्लॅशला वाटतं शटर उघडलं.

तेव्हा ठरवलं की जोड कमी करायचे आणि उरतील ते घट्ट करायचे. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून दोन मीटर पातळ शील्डेड केबल, ३.५ एमएमचे धातूच्या कवचाचे मोनो जॅक आणि हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी) नळी आणली. जॅक निवडताना टोकाकडे बघा : एक काळी पट्टी म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टिरिओ. आपल्याला मोनो हवा. फोर्टात बोरा बाजारात ३.५ एमएमचं भोक असलेले दोन हॉट शू अडॅप्टर मिळाले, एक कॅमेऱ्यावर बसणारा, दुसऱ्यावर फ्लॅश बसतो. पीसी हा प्रकारच साखळीतून गेला.

डाग देताना (सोल्डरिंग करताना) क्रम पाळा. आधी जॅकचं कवच आणि हीट श्रिंक तारेत ओवायची, मगच डाग. आतली तार जॅकच्या टोकाच्या कानाला, बाहेरची जाळी मोठ्या कानाला. उलट जोडली तर पुष्कळ फ्लॅश पेटत नाहीत, कारण आतल्या ट्रिगरला वीज एकाच दिशेने लागते. डाग थंड झाल्यावर चमकला पाहिजे. मळकट, दाणेदार दिसला तर पुन्हा तापवा. मी चारपैकी दोन पुन्हा केले. शेवटी केबलचं एक वेटोळं अडॅप्टरच्या पायाशी रबराने बांधलं, म्हणजे ओढ बसते ती वेटोळ्यावर, डागावर नाही.

अडॅप्टरच्या निमित्ताने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. चोर बाजारातून स्वस्तात जुना फ्लॅश उचलला असेल, तर कॅमेऱ्याला लावण्याआधी त्याचा ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे त्याला पेटवणाऱ्या टोकांवरचा व्होल्टेज, मोजा. फ्लॅश पूर्ण चार्ज करून लाल टोक मधल्या पिनेला, काळं टोक पायाच्या कडेच्या धातूला. मी आणलेल्या एकाने २१० व्होल्ट दाखवले. निकॉन २५० पर्यंत चालेल म्हणतं, पण कॅनॉनच्या जुन्या काही बॉडींची मर्यादा अवघी ६ व्होल्ट आहे. माझा तो फ्लॅश कपाटातच आहे. दुसरी गोष्ट कॅनॉन १५००डी आणि २००डी मार्क २ वाल्यांसाठी. या बॉडींच्या शूला मधली पिन नाही. साधा अडॅप्टर तिथे काहीच करणार नाही, तो खराब आहे असं समजून दुकानदाराशी भांडू नका. तिथे कॅनॉनची भाषा बोलणारा फ्लॅश आणि सगळ्या पिनांची कॉर्डच लागते.

केबलऐवजी बिनतारी रेडिओ ट्रिगर का नाही, असं दोघांनी विचारलं. माझ्याकडे आहे, आणि माणसांचे फोटो काढताना मी तोच वापरतो. पण इथे फ्लॅश माझ्याच डाव्या हातात, दोन फुटांवर. तेवढ्यासाठी आणखी दोन यंत्रं, त्यांचे सेल आणि मिठाला आत शिरायला आणखी चार फटी कशाला?

पौष अमावास्येला नवी केबल घेऊन पुन्हा बँडस्टँड. दोनशे बारा फोटो, फ्लॅश एकदाही चुकला नाही. घरी आल्यावर जॅक आणि शूचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसतो, सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो. हे त्याच दिवशी करायचं, दुसऱ्या दिवशी नाही. ओल्या हाताने केबल काढायची-घालायची नाही, हाही नियम केला. फ्लॅशच्या पोटात ३०० व्होल्ट साठलेले असतात.

माघ पौर्णिमेला एक बदल करून पाहिला. शटर १/२५० ऐवजी १/३०. फ्लॅशने खडक आणि खेकडा उजळला, आणि मागे वरळीकडचं गुलाबी आभाळ, सागरी सेतूच्या तारा, सगळं आलं. शंखात राहणारा एक खेकडा डोळे वर काढून नेमका त्याच वेळी थांबला होता. आभाळ किंचित हललेलं आहे, पण खेकड्याच्या पायावरचे केस धारदार आहेत. फ्लॅशची चमक इतकी क्षणभराची, की हात हलल्याचं तिला कळतही नाही.

पुढच्या अमावास्येसाठी वायसारखा फाटा असलेली केबल डागून ठेवली आहे, दुसऱ्या फ्लॅशला. तो खडकामागे ठेवून पाठीमागून उजेड टाकायचा आहे, न्यूडिब्रँकचा तुरा आरपार दिसावा म्हणून. ती पुन्हा सापडली तर.