गांजाबंदी उठवायची, म्हणजे नेमकं काय उठवायचं?

बंदी हवी की नको, यावर दोन्ही बाजू तावातावाने भांडतात. माल येणार कुठून आणि मोजायचा कसा, हे कुणी विचारत नाही. ग्यानबाची मेख तिथेच आहे.

नेदरलँड्सचंच घ्या. १९७६ मध्ये तिथे गांजा-चरस आणि हेरॉइनसारखे जहाल पदार्थ कायद्यात वेगळे केले गेले. पुढे गांजा-चरस विकणाऱ्या दुकानांना, म्हणजे कॉफीशॉपना, अटींवर सूट मिळाली. जाहिरात नाही, १८ वर्षांखालच्यांना मज्जाव, गिऱ्हाइकाला दिवसाला ५ ग्रॅम, दुकानात साठा जास्तीत जास्त ५०० ग्रॅम. पण लागवड आणि घाऊक पुरवठा गुन्हाच राहिला. पुढच्या दाराने उघड विक्री, वर कमाईवर कर. आणि मागच्या दाराने येणारा तोच माल चोरटा! ५०० ग्रॅम म्हणजे शंभर गिऱ्हाइकांचा माल. चालतं दुकान तो दिवसभरातच संपवतं. मग बाकीचा साठा दुसरीकडे लपवायचा आणि थोडा थोडा आणत राहायचं. त्या मालात बुरशी किती, कीटकनाशक किती, टीएचसी (नशा आणणारा घटक) किती टक्के, हे तपासणार कोण? परवानाधारक लागवडीतला माल विकण्याचा प्रयोग ब्रेडा आणि टिलबर्गमध्ये सुरू झाला तो थेट डिसेंबर २०२३ मध्ये.

‘पोर्तुगालने सगळं कायदेशीर केलं’ हे मात्र साफ चूक. जुलै २००१ पासून तिथे स्वतःपुरता, साधारण दहा दिवसांचा साठा बाळगणं फौजदारी गुन्हा राहिला नाही. गांजासाठी ही मर्यादा २५ ग्रॅम, चरससाठी ५. पकडलेला माणूस कोर्टाऐवजी तीन सदस्यांच्या आयोगापुढे जातो. विकणं मात्र आजही फौजदारी गुन्हाच आहे.

उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा केला तो जास्त विचारपूर्वक. नोंदणी करून तीनपैकी एकच वाट निवडायची: घरी ६ झाडं, १५ ते ४५ सभासदांनी मिळून लागवड करायचा क्लब, किंवा औषधाच्या दुकानातून आठवड्याला १० ग्रॅम. २०१७ मध्ये दुकानांत विक्री सुरू झाली आणि घोडं अडलं ते भलतीकडेच. अमेरिकी बँकांशी व्यवहार असलेल्या बँकांना अमेरिकेच्या गांजाबंदीच्या केंद्रीय कायद्याची धास्ती, म्हणून त्यांनी या दुकानांची खाती बंद करायला घेतली. काहींनी विक्रीच सोडली, काही रोखीवर आली. स्वतःच्या देशात कायदेशीर असलेला धंदा परक्या देशाच्या कायद्याने असा कोंडीत सापडू शकतो.

कॅनडात अडचण कराची. ऑक्टोबर २०१८ मध्ये विक्री खुली झाली तेव्हा उत्पादन शुल्क ठरलं ग्रॅममागे १ डॉलर किंवा १० टक्के, यातलं जे जास्त ते. भाव १० डॉलर असेल तर दोन्ही सारखेच. पण उत्पादकाचा भाव ४ डॉलरवर आला की तोच एक डॉलर थेट २५ टक्के होतो, आणि चोरट्या विक्रेत्याला मात्र एक छदामही भरावा लागत नाही. भाव पडणार हे गृहीत न धरता वजनावर ठरावीक किमान कर लावला की हे होणारच.

सगळ्यात कच्चा दुवा गांजाच्या नशेत गाडी चालवण्याचा. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कोलोरॅडो राज्यांनी रक्तात मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम टीएचसी ही रेघ आखली. दारू पाण्यात मिसळते, त्यामुळे रक्तातलं प्रमाण आणि नशा बऱ्यापैकी बरोबरीने चालतात. टीएचसी मुरतं चरबीत. ओढल्यावर रक्तातलं प्रमाण काही मिनिटांत शिखर गाठतं आणि झपाट्याने उतरतं, पण नशा टिकून असते. गाडी अडवून रक्त घेईपर्यंत तास-दोन तास गेले, तर झिंगलेला माणूस रेघेखाली येऊन सुटू शकतो. गांजा खाल्ला असेल तर आकडा मुळातच कमी येतो. उलट रोज ओढणाऱ्याच्या रक्तात तो शुद्धीवर असतानाही टीएचसी सापडतं. दारूला आकडा आहे मग यालाही हवा, एवढ्याच हट्टापायी ही रेघ आली आहे, आणि बचावाच्या वकिलांना ती खोडायला आयतीच जागा मिळते.