पेपरला येत नाही म्हणे

"ते पेपरला येत नाही. पुढे चला."

आज गणिताच्या तासाला बाई एवढंच म्हणाल्या. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, "'पाय' अपरिमेय आहे, तर मग आपण 22/7 कसं घेतो? ते तर परिमेय आहे ना?" ('पाय' म्हणजे π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास. परिमेय म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात नेमकी लिहिता येणारी संख्या; अपरिमेय तशी लिहिता येत नाही.)

तिनं पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. बाई फळ्याकडे वळल्या आणि तिनं ते खोडरबरानं पुसून टाकलं. मला ते फार लागलं.

घरी येऊन मी 22 ला 7 नं भागून बघितलं. 3.142857, मग पुन्हा तेच 142857. 'पाय' मात्र 3.14159... म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळालाच दोघांत फरक पडतो! 22/7 ही नुसती जवळची किंमत. आर्यभटानं 499 च्या सुमारास 3.1416 दिली, आणि तीसुद्धा जवळपासचीच असं सांगूनच दिली.

नववीत आल्यापासून सगळ्यांच्या तोंडी एकच, पुढच्या वर्षी बोर्ड. बाईंनाही पोर्शन संपवायचा असतो, कळतं मला. पण उत्तर दोन मिनिटांचं होतं.

उद्या मधल्या सुट्टीत तिला वही दाखवणार आहे. तुमच्या वर्गात विचारू देतात का असे प्रश्न?