टाचण, टायलर आणि टॉमॅटोचं क्रेट

एमए एज्युकेशनचा फॉर्म भरला तेव्हा घरात पहिला प्रश्न सासूबाईंचा, "आता अजून तू शिकणार, मग पोरांना कोण शिकवणार?" प्रश्न तसा बरोबरच होता म्हणा. डीएड झालं, नोकरीत असताना बाहेरून बीए झालं, जुन्नर तालुक्यातल्या दोनशिक्षकी झेडपी शाळेत पंधरा वर्षं काढली, तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे, पट सत्तावीस. मग हे आणि कशाला?

एमएड करायचं डोक्यात होतं आधी, पण ते २०१५ पासून दोन वर्षांचं झालं होतं आणि रोज कॉलेजात हजर राहायला लागणार होतं. म्हणजे नोकरी सोडा नाहीतर रजा काढा, दोन्ही शक्य नाही, म्हणून दूरस्थ पद्धतीनं एमए. पगारात यानं फरक काही पडला नाही, हे आधीच सांगते कारण सगळे तेच विचारतात.

पुस्तकं आली ती इंग्रजी, आणि पर्याय काय तर हिंदी. मी म्हटलं हिंदी सोपं जाईल. तर पहिल्याच प्रकरणात अडकले. हिंदीत पाठ्यचर्या (शिकण्याचा सगळा आराखडा) वेगळी, पाठ्यक्रम (विषयातल्या घटकांची यादी) वेगळा, पाठ्यपुस्तक वेगळं. आपल्याकडे पहिल्या दोन्हींना सर्रास एकच शब्द, अभ्यासक्रम, आणि खरं सांगायचं तर बोलताना तोही नाही, आपण म्हणतो पोर्शन. पोर्शन झाला का, पोर्शन राहिलाय, पोर्शन मागे आहे. दोन रात्री मी त्या तीन शब्दांवर घालवल्या आणि मग लख्ख कळलं की पंधरा वर्षं आपण पुस्तक शिकवतोय. मुलाला काय यायला हवं हे आधी ठरवायचं असतं, आणि पुस्तक हे त्यासाठीचं एक साधन, हे डीएडला पाठ केलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं.

मग आले राल्फ टायलर. शिकागो विद्यापीठातले शिक्षणतज्ज्ञ, १९४९ सालचं त्यांचं छोटंसं पुस्तक आहे, त्यात चार प्रश्न. मुलांनी काय साधावं, त्यासाठी त्यांना कुठले अनुभव द्यावेत, ते अनुभव कुठल्या क्रमानं लावावेत, आणि साधलं की नाही हे कसं ओळखावं. बास, एवढंच. मी कपाटातून जुनी टाचणवही, म्हणजे रोजच्या पाठाची आखणी लिहायची वही, काढली. उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, मूल्यमापन. अरे, हे तर तेच की! उद्दिष्टांच्या रकान्यात आपण जे ज्ञान, आकलन, उपयोजन लिहितो ते बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाच्या उद्दिष्टांच्या वर्गवारीतून आलेलं, १९५६ चं, आणि ब्लूम हे टायलरच्याच हाताखाली तयार झालेले. म्हणजे मी रोज रात्री नऊ वाजता मालिका बघत बघत टायलरची वही भरत होते, फक्त रकाना भरायचा म्हणून. आणि क्रमाचा रकाना तर टाचणात नाहीच, क्रम म्हणजे पुढचं पान.

आता तो क्रेटचा किस्सा. आमच्याकडे नारायणगावचा टॉमॅटोचा बाजार, तिथं भाव किलोवर नाही, क्रेटवर, वीस किलोचं क्रेट. २०२३ च्या जुलैत क्रेटला दोन हजाराच्या वर भाव गेला तेव्हा वर्गात दुसरा विषयच नव्हता. तर चाचणीत प्रश्न होता, १ किलो म्हणजे किती ग्रॅम. तिसरीतल्या एका पोरानं लिहिलं १००. मी लाल पेनानं काट मारली. दुपारी पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं बाजूला करायचं होतं, हाच पोरगा आला, एक कोपरा धरून जरासं उचललं आणि म्हणाला, "बाई, पंधराक किलो असंल." खिचडीवाल्या मावशींनी काट्याला लावलं, चौदा भरलं. मी बघतच राहिले. याला वजन कळतं, हातात कळतं, आणि माझ्या पेपरात तो नापास.

चूक क्रमात होती. पुस्तकात त्याची ओळख आधी ग्रॅमशी आणि किलो नंतर, आणि याच्या आयुष्यात आधी क्रेट, मग किलो, ग्रॅम तर त्यानं मसाल्याच्या पुडीवर सुद्धा कधी वाचलेला नाही. मी धडा उलटा केला. क्रेट, मग अर्धं क्रेट, मग किलोभर टॉमॅटो मोजून, मग त्यातला एकच टॉमॅटो काट्यावर, काटा हललाच नाही, आणि मग पोरंच म्हणाली की बाई याला बारकं माप पाहिजे. तिथं ग्रॅम आला. या सगळ्याला पाच तास गेले, पुस्तकाप्रमाणे दोन लागतात. नंतर शाळा बघायला आलेल्या साहेबांनी टाचण पाहून विचारलंच, "हा घटक आत्ता कसा? आणि मागचा राहिलाय तो?" मी टायलर सांगितला नाही, म्हटलं घेते सर.

एस्टोनियात जन्मलेल्या शिक्षणतज्ज्ञ हिल्डा टाबा यांनी १९६२ मध्ये हेच मांडलंय, की वरून आखून खाली पाठवू नका, शिक्षकानं आपल्या वर्गासाठी एकेक घटक तयार करावा आणि तिथून वर जावं. वाचून बरं वाटलं, कोणीतरी आपल्या बाजूनं आहे.

पण एक खटकतं. आमच्या पुस्तकात हंटर आयोग, म्हणजे इंग्रज सरकारचा शिक्षण आयोग, आहे, त्याच्या शिफारशी आहेत, पाच मार्कांना येतो. त्याच आयोगापुढे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे चक्क नाव घेऊन लिहिलंय, मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य. आणि खेड्यातल्या शाळेत विषय कमी असले तरी चालतील पण व्यवहारात उपयोगाचे हवेत, असंही. टायलरच्या सदुसष्ट वर्षं आधी! पण हे निवेदन आमच्या पुस्तकात नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांची कोसबाडची कुरणशाळा, जिथं गुरं राखणारी वारली पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली, तीही नाही. असाइनमेंटमध्ये मी दोन्ही घातलं. मार्क बरे मिळाले, शेरा काही नव्हता.

आता फक्त प्रोजेक्ट राहिलाय. पहाटे चारला उठून लिहिते, सहाला दूधवाला आला की लॅपटॉप बंद. विषयाला मी नाव दिलं होतं 'आधी क्रेट, मग ग्रॅम'. गाईडनी फोनवर ऐकलं, जरा हसले आणि म्हणाले बदला. आता शीर्षक असंय: 'इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांसाठी स्थानिक संदर्भांवर आधारित वजनमापन घटकाच्या अध्यापनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. तीन वेळा 'च्या' आलंय. मंजूर झालं.