प्लॅब झाली, पण डिग्रीचा कागद सहा महिने हलेना : माझा अनुभव

यूकेत डॉक्टर म्हणून रजिस्टर व्हायला काय काय करावं लागतं, असं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला विचारतं. प्रश्न सगळे परीक्षेचे. क्लास कुठला लावलास, किती महिने अभ्यास केलास, मँचेस्टरला राहिलीस कुठे. कॉलेजच्या क्लार्कच्या टेबलाबद्दल अजून एकानेही विचारलेलं नाही, आणि माझं घोडं पेंड खात होतं ते नेमकं तिथे.

परीक्षांचं आधी उरकून टाकते. आधी इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस. तिला एकूण साडेसात आणि चारही भागांत किमान सात लागतात. त्याऐवजी ओईटी ही इंग्रजीचीच दुसरी परीक्षा दिली तर चारही भागांत बी ग्रेड. मला रायटिंगने एकदा साडेसहावर आपटवलं, दुसऱ्या वेळी, मार्च २०२२ मध्ये, जमलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्लॅबचा, म्हणजे यूकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरांसाठीच्या परीक्षेचा, पार्ट वन : १८० प्रश्न, तीन तास, भारतातच देता येतो. ज्यांनी पीजीसाठी घासलंय त्यांना त्यात फार भिण्यासारखं नाही. पार्ट टू मात्र मँचेस्टरलाच. सोळा खोल्या, प्रत्येक खोलीत आठ मिनिटं, आत जाण्यापूर्वी दाराबाहेर प्रश्न वाचायला दीड मिनिट. आतला पेशंट बहुतेक वेळा नट असतो आणि रडतो अगदी खराखुरा. आपल्याकडे ओपीडीत बाहेर शंभर माणसं उभी असताना ‘तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटतेय?’ असं कोण विचारतं? तिथे ते विचारलं नाही तर मार्क गेले. जुलै २०२३ मध्ये ती दिली, चार आठवड्यांनी पास झाल्याचं कळलं, घरी पेढे वाटले.

पेढे जरा लवकरच वाटले.

परीक्षा पास झालं की जीएमसीकडे, म्हणजे तिकडच्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे, रजिस्ट्रेशनचा अर्ज करायचा. पण त्यासाठी तुमची एमबीबीएसची डिग्री खरी आहे हे कुणीतरी तिऱ्हाईताने तपासून सांगावं लागतं. ते काम एपिक नावाच्या सेवेतून होतं. ती चालवते अमेरिकेतली ईसीएफएमजी ही संस्था, फिलाडेल्फियाची. आपण खातं उघडायचं, फॉर्म भरायचा, व्हिडिओ कॉलवर नोटरीसमोर पासपोर्ट दाखवायचा, डिग्री स्कॅन करून चढवायची. हे सगळं माझं चार-पाच दिवसांत झालं. मग एपिकवाले ती डिग्री तुमच्या कॉलेजकडे पाठवतात आणि विचारतात, ही तुम्हीच दिलीत ना? कॉलेजने ‘हो’ म्हणायचं. बस, एवढंच.

या एका ‘हो’ला ऑगस्ट २०२३ ते फेब्रुवारी २०२४ लागले.

पहिला घोळ नावाचा. माझ्या डिग्रीवर माहेरचं आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. लग्न २०२१ मध्ये झालं आणि पासपोर्ट रिन्यू करताना एजंट म्हणाला, ‘मॅडम, आत्ताच सासरचं नाव लावून टाका, नंतर परत खर्च.’ मी लावलं. त्यामुळे पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. डिग्रीवरच्या तीन शब्दांपैकी पासपोर्टवर एकच उरला. एपिकला लग्नाचं सर्टिफिकेट पाठवल्यावर त्यांचं समाधान झालं. कॉलेजचं झालं नाही. तिथल्या क्लार्कने रजिस्टरमध्ये नवं नाव शोधलं, सापडलं नाही, आणि ‘या नावाची विद्यार्थिनी आमच्या रेकॉर्डला नाही’ असं म्हणून विषय बाजूला सारला. हे मला कळलं सहा आठवड्यांनी, तेही मी फोन केला म्हणून. ज्या मुलींचं अजून लग्न व्हायचंय आणि बाहेर जायचा विचार आहे, त्यांनी रजिस्ट्रेशन हातात पडेपर्यंत पासपोर्टला हात लावू नये. सासूबाई काय म्हणतील ते म्हणोत. माझ्या तर काहीच म्हणाल्या नव्हत्या, घाई माझीच होती.

मी तेव्हा पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात नाइट ड्यूटी करत होते. कॉलेज तीनशे किलोमीटरवर, आईबाबांच्या गावापासून मात्र एसटीने तासाभरावर. म्हणून ऑक्टोबरात बाबांना म्हटलं, तुम्ही एकदा जाऊन बघता का. बाबा गेले. पहिल्याच दिवशी झालेला संवाद त्यांनी घरी येऊन जसाच्या तसा सांगितला.

‘भाऊसाहेब, मुलीचं काम होतं. जीएमसीला डिग्रीचं व्हेरिफिकेशन पाहिजे.’

‘काका, हीच जीएमसी आहे.’

‘हो, पण त्यांना पाहिजे.’

‘आम्हालाच पाहिजे आणि आम्हीच द्यायचं? कसं काय?’

गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज आणि जनरल मेडिकल कौन्सिल. दोन्हींचं लघुरूप एकच. त्या टेबलावर अर्धा तास या जीएमसीने त्या जीएमसीला ओळख दिली नाही. आज हसू येतं. तेव्हा मी ड्यूटी रूममध्ये फोन गादीवर आपटला होता.

नाव सापडलं, तर पुढचा अडथळा. एपिकचं काम कॉलेजने ऑनलाइन पोर्टलवर करायचं असतं, आणि त्याचं लॉगिन आधीच्या डीन साहेबांच्या काळात कुणीतरी काढलेलं. ते साहेब बदलून गेलेले, लॉगिन ज्यांच्या ईमेलवर होतं ते गृहस्थ रिटायर झालेले. नव्या डीनची सही तिकडे नोंदलेलीच नाही. मग दिवाळी आली. दिवाळीनंतर मी स्वतः फोन केला आणि क्लार्कला नको ते बोलले. तुमच्या एका सहीसाठी माझं करिअर वगैरे. तो शांतपणे ‘बघतो मॅडम’ म्हणाला आणि पुढचे तीन आठवडे त्याने माझा फोन उचलला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. डिसेंबरात ‘साहेब अधिवेशनाला नागपूरला’. जानेवारीत ‘इन्स्पेक्शन आहे’.

इकडे घड्याळ चालू. आयईएलटीएस दोनच वर्षं चालतं, माझं मार्चमध्ये संपणार होतं. संपलं असतं तर परत रायटिंग.

बाबा दर मंगळवारी जात. सकाळची एसटी, डब्यात भाकरी, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात माझी फाइल. आस्थापना शाखेच्या बाहेरच्या बाकावर बसत. मला वाटायचं, हे नुसते जाऊन बसतात आणि परत येतात, बोलत का नाहीत कुणाशी जोरात? मी त्यांच्यावरही चिडले. पण बाबा जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं काढून ऑफिस सुपरिंटेंडंट म्हणून रिटायर झालेत. ते बसून बघत होते, कुठला कागद कुठून कुठे जातो.

जानेवारीच्या तिसऱ्या मंगळवारी रात्री त्यांचा फोन आला. ‘बाळा, तो पोरगा आळशी नाही. त्याच्याकडे साहेबांपुढे ठेवायला कागदच नाही.’

मला कळेना. ईमेल होते ना, एपिकचे, माझे, डझनभर. बाबा म्हणाले, ‘ईमेल म्हणजे कागद नव्हे. त्याला आवक नंबर आहे का? नस्ती कुठली? पोर्टलवर क्लिक केलं आणि उद्या कुणी विचारलं, कुणाच्या आदेशाने केलं, तर तो काय दाखवणार?’

त्या रात्री बाबांनी फुलस्केपवर टिपणीचा मसुदा लिहून काढला. त्याचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. वर मा. अधिष्ठाता महोदय. मग विषय : माजी विद्यार्थिनीच्या पदवी पडताळणीबाबत. मग संदर्भ १, २, ३ : माझा अर्ज तारखेसह, एपिकचा ईमेल छापून, विवाह नोंदणी प्रमाणपत्र. मग दोन परिच्छेद, की अमुक विद्यार्थिनी अमुक बॅचची, लग्नानंतर नाव असं असं बदललं. पडताळणी करण्यास अधिकृत अधिकाऱ्यांची नावं, नमुना सह्या आणि शिक्का सदर संस्थेस कळवणं आवश्यक. शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. सोबत ईसीएफएमजीला पाठवायचं इंग्रजी पत्रही तयार, कॉलेजच्या लेटरहेडवर नुसतं उतरवायचं. ते मी टाइप केलं, माझा तेवढाच वाटा.

क्लार्कने ते वाचलं आणि म्हणे पहिल्यांदा बाबांना खुर्ची दिली. त्याने आवक शिक्का मारला, नंबर टाकला, नस्तीला टॅग लावला. दोन दिवसांत डीनची सही, तिसऱ्या दिवशी पत्राला जावक क्रमांक. नवं लॉगिन मिळायला आणखी काही दिवस गेले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री पावणेदोनला, वॉर्डात सलाईन बघत असताना फोनवर मेल आला की पडताळणी पूर्ण. मी सिस्टरला मिठी मारली. पेशंट जागा होता, म्हणाला, ‘काय झालं ओ मॅडम?’

तेव्हा ईमेलवर ईमेल पाठवत बसू नका. एक छापील अर्ज, विषय आणि संदर्भ घातलेला, स्वतः नेऊन आवकला द्या आणि झेरॉक्सवर शिक्का घ्या. आणि हे पार्ट वनच्या आधी करा. एपिक कधीही सुरू करता येतं, मी वेड्यासारखी पार्ट टूच्या निकालापर्यंत थांबले.

हो, गुड स्टँडिंगचं राहिलंच. गेल्या पाच वर्षांत जिथे प्रॅक्टिस केली तिथल्या कौन्सिलकडून, तुमच्याविरुद्ध काही तक्रार-कारवाई नाही, असं सर्टिफिकेट लागतं. ते सही झाल्या तारखेपासून तीनच महिने चालतं. मी शहाणपणा करून सप्टेंबरातच घेऊन ठेवलं होतं. एपिक येईपर्यंत ते शिळं झालं, परत अर्ज, परत फी. यात कौन्सिलचा काही दोष नाही. उलट दुसऱ्या वेळी लवकरच मिळालं. सगळं हातात आल्यावर सगळ्यात शेवटी हे मागवा. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मात्र आधीच नीट वाचून ठेवा, त्यावरच्या तारखा आणि पोस्टिंगा तुम्ही अर्जात लिहाल त्याच्याशी जुळायला हव्यात. ओळखपत्राची तपासणी आता मोबाइल ॲपवर होते, पासपोर्ट आणि सेल्फी, त्यासाठी विमानात बसावं लागत नाही. पैशांचं म्हणाल तर पार्ट टूची फी पार्ट वनच्या साडेतीनपटीहून जास्त आहे आणि वर व्हिसा, तिकीट, मँचेस्टरचं राहणं. आम्ही पाच जणी एका घरात राहून एकमेकींवर पेशंट-पेशंट खेळायचो, त्यामुळे थोडं वाचलं.

आमच्या ओळखीतले एक डॉक्टर काका साठच्या दशकात इंग्लंडला गेलेले. त्यांना माझी कहाणी सांगितली तर म्हणाले, ‘आम्ही तर नुसती डिग्री दाखवली गं.’ खरं आहे. तेव्हा आपली डिग्री तिकडे थेट चालायची. १९७५ मध्ये जीएमसीने ती मान्यता काढून घेतली आणि परीक्षा मागे लागल्या. काकांना मी काही बोलले नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आयईएलटीएस संपायला थोडेच दिवस उरले असताना, रजिस्ट्रेशन झालं. नोकरी हा वेगळा अध्याय आहे. रजिस्ट्रेशन झालं म्हणजे नोकरी मिळाली असं समजून पुण्यातला राजीनामा देऊ नका. एकेका जागेला अर्जांचा पाऊस पडतो आणि मलाही बरेच महिने थांबावं लागलं.

जीएमसीचं रजिस्टर ऑनलाइन असतं, नाव टाकलं की कुणालाही बघता येतं. बाबांना लिंक पाठवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, आईला वाचून दाखवलं. मग मला फोन. ‘छान झालं. पण यात माझं नाव कुठे आहे गं?’ मी म्हटलं, बाबा, पासपोर्टवर जे आहे तेच येतं. ‘असू दे, असू दे,’ म्हणाले, आणि विचारलं की त्या क्लार्कची भाची फायनल इयरला आहे, तिलाही तिकडे जायचंय, तर तो मसुदा तिच्यासाठी परत लिहून देऊ का.