चुकांची वही

रविवार, रात्री पावणेअकरा.

जुने रेडिओ सेट दुरुस्त करायला आज अकरा जण आले. सेट मांडायला जागा पुरेना, तेव्हा जेवणाचं टेबल पुढच्या खोलीत ओढलं. दोघांनी तर ओट्यावरच पाट टाकून सोल्डरिंग केलं. पोह्यांची कढई दहाच्या आत रिकामी. शेजारच्या वहिनींनी डोकावून विचारलं, ‘केळवण आहे का हो कोणाचं?’ इंदूरच्या रामबागेतल्या या घरात राळेचा धूर रविवारी सवयीचा झालाय, पण एवढी चपलांची रांग आजच दिसली.

दीड वर्षापूर्वी आम्ही तिघंच होतो. जो तो घरून वाजणारा रेडिओ आणायचा, पॉलिश करून, डायलची काच लखलखीत पुसून. आणणाऱ्यानं वाजवायचा, बाकीच्यांनी वा वा म्हणायचं, मग चहा. नवा कोणी आला तर दुसऱ्या खेपेला फिरकायचा नाही. मला वाटे, लोकांना आवड नाही. आता कळतं, त्यांच्या पिशवीत बंद पडलेले सेट असायचे आणि आमची तयार प्रदर्शनं बघून पिशवी उघडायची त्यांना लाज वाटायची.

मग मी ट्रान्सफॉर्मर जाळला.

भंगारवाल्याकडून आणलेला टेबल सेट, आउटपुटला ईएल 84 वॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणारी काचेची नळी. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले, सिरीज बल्ब (सेटनं जास्त करंट ओढला तर स्वतः पेटून तो अडवणारा) लावून जपून सुरू केला, आवाज आला, आणि त्या आनंदात कपलिंग कंडेन्सरकडे पाहिलंच नाही. जुनी कागदी गुंडाळी ती. तिच्या एका अंगाला शंभराच्या आसपास व्होल्ट, दुसऱ्या अंगाला आउटपुट वॉल्व्हचं ग्रिड, म्हणजे आवाजाचा सिग्नल घेणारी जाळी. पलीकडे आवाज जावा, ते व्होल्ट जाऊ नयेत, एवढंच तिचं काम. पण इतक्या वर्षांत कागद ओल धरतो आणि वीज झिरपायला लागते. दहा मिनिटं सेट झकास वाजतो. मग वॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी तार जळते. मला वास आला तेव्हा मी आमटी लागली म्हणून स्वयंपाकघराकडे धावले होते.

पुढच्या रविवारी तो काळा ठिक्कर ट्रान्सफॉर्मर ताटलीत ठेवून सगळ्यांसमोर मांडला. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईनं हे केलं, हेही सांगितलं. क्षणभर कोणी बोलेना. मग बँकेतले दादा म्हणाले, ‘मी तर एसी-डीसी सेटच्या चासीला, आतल्या धातूच्या सांगाड्याला, हात लावून बसलो होतो.’ त्या सेटांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो. प्लग उलटा बसला की सगळी चासीच फेजवर. त्यांचा मुलगा बाजूला होता, त्यानं बटण बंद केलं म्हणून निभावलं. मग एकेक जण बोलू लागला.

त्या दिवशी वही घातली. नियम एकच: दुरुस्त काय केलं ते लिहायचं नाही, बिघडवलं काय ते लिहायचं. माझी नोंद पहिली, खाली उपाय: आउटपुट वॉल्व्ह उपसून सेट सुरू करा, दोन नंबरच्या, म्हणजे ग्रिडच्या, पिनेवर मीटर धरा, शून्याच्या वर काटा हलला तर कंडेन्सर काढून टाका. एका मुलीनं लिहिलंय की यूसीएच 81 च्या जातीचे चार वॉल्व्ह तिनं वाया गेले म्हणून बाजूला काढले. त्यांची हीटर, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एकाच माळेत असतात, दिवाळीच्या लायटिंगसारखी, एक गेला की सगळे अंधारात. तिचे तीन चांगलेच होते. कोणीतरी सिरीजला एलईडी बल्ब लावला, जो या कामाला चालत नाही, त्याचं अर्धं पान आहे. आणि खरंच, साठ वॉटचा तारेचा बल्ब मिळवायला आता सियागंजात चार दुकानं फिरावी लागतात! आधी एक शोधायला निघाले होते, सहा घेऊन आले.

काका मात्र वहीला हात लावत नव्हते. राजवाड्याजवळ त्यांचं रेडिओचं दुकान होतं. सेट नुसता ऐकून बिघाड ओळखतात, पण ओळखला कसा ते सांगत नाहीत. पाठ फिरवून काम करतात. मला पूर्वी राग यायचा. पण ज्याचं घर त्या युक्तीवर चाललं, तो ती पोह्यांच्या बदल्यात का देईल?

आज एका पोरानं आयएफटीचे, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीवर जुळवलेल्या कॉइलच्या डब्यांचे, स्क्रू घट्ट पिळले. ‘ढिले वाटले,’ म्हणाला. सेट मुका. सगळे हसले, काका हसले नाहीत. उठून वही ओढली आणि उभ्या उभ्या लिहिलं, मोडीच्या वळणाच्या अक्षरात: शिकाऊ असताना एका वकिलांच्या सेटचे सगळे स्क्रू मीही असेच आवळले होते. उस्ताद दोन दिवस ते जुळवायची फ्रिक्वेन्सी, चारशेपंचावन्न किलोसायकल, शोधत बसले. सेट असाच आला होता, असं सांगितलं. ते गेले तोवर खरं बोललो नाही.

वही मिटून त्या पोराला म्हणाले, ‘रडू नको रे भिया. पुढच्या रविवारी माझा सिग्नल जनरेटर आणतो. तू फिरव, मी बघतो.’

जुळवणीसाठी हवा तो सिग्नल देणारा तो जनरेटर आजवर कोणाला बघायलाही मिळाला नव्हता. टेबल मोकळं ठेवायला हवं.