पाठकोरे कागद

मागच्या महिन्यात दादरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरमागे स्टूल टाकून सकाळी साडेसात ते साडेबारा बसून होते. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली गर्दी, प्रत्येकाच्या हातात फॉर्म, नाव वय मोबाईल, आधीचे आजार, गोळ्या कुठल्या चालू आहेत, आणि माझं काम एकच, त्यातला एक फॉर्म धरायचा आणि तो कुठे कुठे जातो ते बघत राहायचं. लोकांची खासगी माहिती कायद्याप्रमाणे सांभाळली जाते का ते तपासणं हा माझा व्यवसाय, आणि त्यातल्या या कामाला डेटा मॅपिंग म्हणतात. क्लायंटला वाटतं हे मीटिंग रूममध्ये बसून होतं, मॅनेजर सांगणार आणि मी लिहून घेणार. मॅनेजरने सांगितलं होतं की सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे, पासवर्ड आहे, काळजी नको. ते खोटं नव्हतं, त्यांना तेवढंच माहीत होतं.

काउंटरवरच्या ताईंनी फॉर्म सिस्टीममध्ये टाकला, बारकोडचं स्टिकर ट्यूबला लागलं, इथपर्यंत ठीक. घरी जाऊन सॅम्पल घेणाऱ्या मुलांचा मात्र एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात पेशंटचा पत्ता आणि फॉर्मचा फोटो रोज पडायचा, आणि त्यातली दोन मुलं कधीच नोकरी सोडून गेली होती पण ग्रुपमध्ये होतीच. तयार रिपोर्ट काउंटरवरच्या ट्रेमध्ये, लिफाफ्यावर नाव आणि टेस्टचं नाव, जो येईल तो ढीग चाळून आपला रिपोर्ट काढून घेतो. शेजारणीची कुठली टेस्ट झाली ते कळायला दुसरं काही करायला लागत नाही.

आणि जुने फॉर्म? ते खालच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर भरला की ताई घरी न्यायच्या. "पाठकोरे असतात ना मॅडम, मुलीला गणितं करायला होतात." अगदी सहज म्हणाल्या. आमच्या घरी पण आजोबा पाठकोरे कागद शिवून वही करायचे, कागद वाया घालवायचा नाही हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यामुळे मला त्यांना काय बोलायचं ते पटकन सुचेना. एका बाजूला सहावीतले अपूर्णांक, दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी मधुमेह, मोबाईल नंबरसकट. ताईंची यात काडीचीही चूक नाही. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि कागद फाडायचं मशीनही कोणी दिलं नव्हतं. रिपोर्टमध्ये मी ते तसंच लिहिलं, कारण असं काही सापडलं की पहिला मेमो काउंटरवरच्या माणसाला जातो हे मी खूप ठिकाणी पाहिलंय आणि मला ते अजिबात पटत नाही.

मी मूळची कोर्टातली. सनद घेतली, फोर्टमध्ये सरांकडे ज्युनिअर म्हणून सिटी सिव्हिल कोर्टात तारखा करत होते. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा पुट्टस्वामी निकाल आला, नऊ न्यायमूर्ती, एकमताने, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचिका करणारे स्वतः हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, २०१२ मध्ये आधारच्या विरोधात कोर्टात गेले तेव्हा ऐंशी पार केलेले. तो निकाल मी लोकलमध्ये मोबाईलवर वाचला आणि उतरायचं स्टेशन गेलं. पुढच्या मे महिन्यात युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहिती जपण्याचा तिकडचा कायदा, लागू झाला, सरांच्या एका क्लायंटचे ग्राहक तिकडचे होते, फाईल माझ्याकडे आली आणि मग मी परत तारखांकडे वळलेच नाही.

आता वैयक्तिक माहिती जपण्याचा आपलाही कायदा आहे, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अॅक्ट, ऑगस्ट २०२३ चा. रूल्स यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. क्लायंटला त्यातला एक आकडा पाठ असतो, २५० कोटी, सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर जास्तीत जास्त होऊ शकणारा दंड. मीटिंग तिथूनच सुरू होते. मला मात्र त्यातलं कलम ५ आणि ६ जास्त जवळचं वाटतं, माणसाला आधी सांगा की काय घेताय आणि कशासाठी घेताय, आणि हो म्हणणं जितकं सोपं तितकंच नंतर नाही म्हणणं सोपं ठेवा. कायद्यातच एक उदाहरण दिलंय, एक बाई औषधाच्या दुकानात पैसे भरल्याची पावती मोबाईलवर मागते, मग दुकानदाराने तो नंबर पावती पाठवायला वापरावा. लॅबमधले नंबर हेल्थ कॅम्पच्या मेसेजला वापरत होते, तर त्यासाठी वेगळं विचारायला हवं, हे पटवून द्यायला मला अर्धा तास लागला. आणि एक मला फार आवडतं, या कायद्यात व्यक्तीसाठी सगळीकडे स्त्रीलिंगी सर्वनाम आहे.

माहिती घेताना द्यायची ही नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे, म्हणजे मराठीत पण. लॅबने भाषांतर करून घेतलं होतं. पहिलंच वाक्य, "वैयक्तिक विदेच्या प्रक्रियाकरणास याद्वारे संमती प्रदान करण्यात येत आहे." ताईंना म्हटलं मोठ्याने वाचा, त्या प्रक्रियाकरणापाशी थांबल्या आणि म्हणाल्या हे मी पेशंटला कसं सांगू. मग आम्ही दोघींनी मिळून लिहिलं, तुमचं नाव, वय, मोबाईल आणि आजाराची माहिती आम्ही टेस्ट करायला आणि रिपोर्ट द्यायला घेतो, कॅम्पचे मेसेज हवे असतील तरच खाली वेगळी खूण करा, नंतर नको वाटलं तर या नंबरवर सांगा. तक्रार या कायद्याखालच्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे कशी करायची तेही लिहिलं. मॅनेजरना वाटलं हे कायद्यासारखं दिसत नाही. मी कलम काढून एकेक मुद्दा टिक करून दाखवला, सगळं होतं.

पुढच्या आठवड्यात ट्रायल घेतली. सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या, चष्मा विसरलेल्या, ताईंनी त्यांना सगळं वाचून दाखवलं. आजींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग रिपोर्ट मुलाच्या फोनवर पाठवू नका असं पण यात लिहिता येतं का?"

फॉर्मवर एकच मोबाईल नंबर होता, तो मुलाचा, कारण घरून बुकिंग त्याने केलं होतं. रिपोर्ट कोणाला द्यायचा हे विचारायची जागाच नव्हती, माझ्याही यादीत नव्हती. त्या दिवशी ताईंनी पेनाने समासात लिहिलं, "स्वतः येऊन नेणार", आणि आजींची सही घेतली. नवीन फॉर्म छापायला गेलाय, त्यात मोबाईल नंबरच्या खालीच ती ओळ आहे.