चौथ्या सीटवर मंक
आज ठाणे लोकलमध्ये चौथ्या सीटवर कशीबशी टेकले नि कानात जॅझवाल्या थेलोनियस मंकचा पियानो, शेजारच्या काकू म्हणे काय गं एकटीच हसतेयस! आता काय सांगणार, हा बाबा शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो, आधी वाटतं बोट घसरलं, मग कळतं मुद्दाम केलंय. १९५१ मध्ये पोलिसांनी त्याचं कॅबरे कार्ड, म्हणजे क्लबात वाजवायचा परवाना, काढून घेतलं नि न्यूयॉर्कच्या दारू मिळणाऱ्या क्लबांत वाजवायलाच बंदी, ऐन उमेदीतली सहाएक वर्षं गेली ना. पण गडी रचत राहिला. १९५७ ला फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनला घेऊन परत आला, १९६४ ला थेट टाइम मॅगझिनच्या कव्हरवर! आणि मधेच पियानो सोडून स्टेजवर गोल गोल नाचायचा, बाकीचे बिचारे वाजवतायत आपले. मला तर तेच जाम आवडतं 😄